शह

शब्दांच्या पाठीमागे लागण्याची माझी खोड या सदराच्या वाचकांना आता नवी नाही. "यांना कोथिंबीर आणायला पाठवावे, तर हे कोथिंबिरीची व्युत्पत्ती घेऊन परत येतात," असे आमच्या घरात अधूनमधून ऐकू येते. यंदा मात्र मी शब्दामागे लागलो नाही. शब्दच माझ्यामागे लागला. तो शब्द म्हणजे 'चेक'.

गेल्या भाऊबिजेची गोष्ट. आमच्या आण्णांचे वय ब्याऐंशी. सांगलीच्या आत्याला ते दरवर्षी भाऊबिजेचा पाचशे एक रुपयांचा चेक पाठवतात. "मोबाइलवरून अर्ध्या मिनिटात पाठवतो," असे मी सांगून पाहिले. पण ज्यावर भावाची सही नाही ती कसली ओवाळणी, असे त्यांचे म्हणणे. तर तो चेक परत आला! सोबत बँकेची चिठ्ठी : सही जुळत नाही.

आण्णांनी एका कचेरीत पस्तीस वर्षे हिशेब तपासण्यात काढली. त्यांची सही पडल्याशिवाय तिथून कागद पुढे सरकत नसे. चिठ्ठीची हकीकत ऐकल्यावर ते एवढेच म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. आता माझीच नापास झाली." त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत.

त्याच संध्याकाळी आमच्या कन्येने बुद्धिबळाचा पट मांडला. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या सोसायटीतल्या पोरींना हे वेड लागले आहे, आणि घरात तिचे हक्काचे गिऱ्हाईक म्हणजे आजोबा. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "आजोबा, चेक!" आण्णा नाराजीने म्हणाले, "चेक काय म्हणतेस? शह म्हण, शह!"

कन्येला वाटले, आजोबा इंग्रजीवर रागावले. मला मात्र हसू आले. कारण आजोबा आणि नात एकच शब्द बोलत होती!

हा खेळ मूळचा आपला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांचा, म्हणून त्याचे नाव चतुरंग. तो इराणात गेला आणि तिथे राजाला राजाचे नाव मिळाले, 'शाह'. हा शाह आणि आपला क्षत्रिय मुळात एकाच कुळातले. दोघांच्या मुळाशी राज्य करणे हाच अर्थ आहे. पटावरचा राजा धोक्यात आला की खेळणारा म्हणे, 'शाह!' म्हणजे, राजा, सांभाळ! अरबांबरोबर हा खेळ युरोपात शिरला. तिथे शाहचे लॅटिनमध्ये 'स्काकुस' झाले, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाले आणि इंग्लंडात पोचेपर्यंत उरले 'चेक'. 'चेस' हे खेळाचे नावसुद्धा याच शब्दाचे अनेकवचन. इकडे आपण फारसीतून तोच शब्द 'शह' म्हणून घरात घेतला. चेकमेटमधला 'मेट' आणि आपली 'मात' हीही अशीच सख्खी भावंडे.

इंग्रजांनी मात्र या शब्दाला पटावरून उचलून साऱ्या संसारात फिरवले. शह बसला की राजाची वाट अडते, म्हणून चेक म्हणजे अडवणे, लगाम घालणे. लगाम घालायचा तर नजर ठेवायला हवी, म्हणून चेक म्हणजे तपासणे. आमची ही "गॅस बंद केला का, चेक करा," म्हणते तो हा चेक, आणि लोकलमध्ये तिकीट विचारणारा चेकरही त्याच घराण्यातला. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन कापडावर आले, त्यांचा झाला चेक्सचा शर्ट.

पटाचे एक टोक तर सरकारी खजिन्यात जाऊन पोचले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा जमाखर्च सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद अशा मेजावर होई. त्यावर रेघा आखलेले काळे कापड पसरत आणि आकड्यांऐवजी सोंगट्या मांडून हिशेब करीत. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला जिल्ह्याची वसुली आणणारा शेरीफ, जणू डावच मांडलेला! म्हणून त्या खात्याचे नावच पडले 'एक्स्चेकर', म्हणजे बुद्धिबळाचा पट. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही त्याच पटाच्या नावाने ओळखला जातो.

राहिला बँकेचा चेक. अठराव्या शतकात हुंडी-दस्तऐवजांचे एक अर्धुक मागे ठेवीत. पुढे लबाडीचा संशय आला तर ताडून पाहता यावे म्हणून. या अर्धुकाला म्हणत 'चेक'. पुढे ते नाव आख्ख्या कागदालाच चिकटले. इंग्रजांनी एक्स्चेकरच्या वळणावर त्याचे स्पेलिंग लांबवले; अमेरिकन लोक अजून साधेच लिहितात.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने आण्णांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे बँकेने मला शह दिला म्हणायचा." माझी सगळी विद्वत्ता तिथेच चेकमेट झाली.

रात्री सांगलीहून आत्याचा फोन आला. पैशांचे नावही न काढता तिने विचारले, "दादा, तुझा हात कापतो का रे? चेकावरचे माझे नावसुद्धा वेडेवाकडे आले आहे." आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "कापतो थोडा. चार-पाच महिने झाले."

एका घरात राहून आम्हां कोणाला पत्ता नव्हता! आता आठवले, आण्णा हल्ली चहाची बशी वापरत नव्हते, कप दोन्ही हातांनी धरत होते. पटावरचे प्यादे पडले की "नातीने धक्का दिला" म्हणत होते. आम्ही हसत होतो. आणि शंभर कोसांवर बसलेल्या बहिणीने एका सहीवरून ओळखले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. औषध सुरू झाले. कंप पूर्ण गेला नाही, पण पुष्कळ उतरला. मग आण्णांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आठवडाभर सही गिरवली आणि बँकेत जाऊन नव्या सहीचा नमुना देऊन आले.

स्पर्धेत प्रतिपक्षाला 'शह' म्हणून सांगण्याचे बंधन नाही म्हणतात. पण घरगुती खेळात आपण सांगतो. राजाला बेसावध गाठू नये, एवढी माणुसकी त्यात आहे. तपासणे म्हणजे अविश्वास, असे आण्णांना वाटले, मलाही वाटले. शब्दाच्या मुळाशी मात्र अविश्वास नाही, हाक आहे : राजा, सांभाळ!

यंदाचा चेक आण्णांनी नवरात्रातच लिहून ठेवला आहे. सही जरा थरथरलेली आहे. पण बँकेत दिलेली सहीही तशीच आहे. आणि कन्या हल्ली पटावर 'शह' म्हणते. हळू आवाजात.