पालाण उतरताना तिथे उभे राहा

सह्याद्रीतले गडकोट पालथे घालून झाले की आपल्यातल्या पुष्कळांचे पाय हिमालयाकडे वळतात. काश्मीरमधली सात-आठ दिवसांची सरोवरांची वाट किंवा अरूहून निघणारी तारसर-मारसरची भटकंती करायला मुंबई-पुण्याचेच नव्हे, तर नाशिक, कोल्हापूर, नागपूरचेही गट जातात. या वाटांवर तंबू, स्लीपिंग बॅगा, गॅसच्या टाक्या, पातेली, डाळ-तांदूळ आणि अनेकदा आपल्या पाठपिशव्यासुद्धा घोडे आणि खेचरं वाहून नेतात. हे लिहिणं अशा मोहिमेला निघालेल्यांसाठी आहे. माझी विनंती एकच आहे. मुक्कामावर घोड्याच्या पाठीवरचं पालाण उतरवतात तेव्हा निदान एकदा तरी तिथे उभे राहा.

विनंती साधी आहे, पण आपल्या हातून ती सहसा घडत नाही. सकाळी आपण नाश्ता करून पुढे निघतो. मागे तंबू मोडतात, घोडे लादतात आणि तासा-दीड तासात ते आपल्याला गाठून पुढे जातात. आपण धापा टाकत मुक्कामाला पोचतो तोवर तंबू उभे झालेले असतात, चहा उकळत असतो आणि घोडे लांब कुरणात चरत असतात. लांबून पाहिलं की ते चित्र फार सुंदर दिसतं. घोड्याची पाठ मात्र आपल्याला दिसलेली नसते.

मलाही ती कितीतरी वर्षं दिसली नव्हती. एका मोसमात काश्मीरच्या त्या सरोवरांच्या वाटेवर, गडसरच्या खिंडीत पावसाने गाठलं, घोडे मागे अडकले आणि आम्ही त्यांच्या आधी मुक्कामावर पोचलो. पाऊस उघडल्यावर घोडे आले. एका तांबूस घोडीचं पालाण आमच्या घोडेवाल्या चाचांनी उचललं, तर खाली खांद्यापाशी तळहाताएवढी कातडी सोलवटलेली होती. त्याच घोडीच्या एका बाजूला माझी पाठपिशवी होती. चौदा किलोंची. दुसऱ्या बाजूची पिशवी हलकी असल्यामुळे तोल साधायला चाचांनी तिच्याबरोबर एक दगड बांधला होता. कपड्यांचे जादा जोड, चिवड्या-लाडवांचे डबे आणि दोन पॉवर बँका मी घेतल्या होत्या, म्हणून ती घोडी दगड वाहत खिंड चढून आली होती. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी मिठाचं कोमट पाणी करून जखम धुतली. तो दगड मात्र माझ्या मनातून अजून उतरलेला नाही.

ओझं नेमकं कुठे लागतं

पालाणावरचं ओझं दोन बाजूंना विभागलेलं असतं. एक बाजू जड झाली की पालाण त्या बाजूला ओढलं जातं, तंग सरकतो आणि पावलागणिक एकाच जागी घासत राहतो. आधी केस जातात, मग कातडी. वजन मर्यादेत असलं तरी तोल नसेल तर पाठ सोलते. पिशवी कडक असेल, चाकांची असेल किंवा तिच्यातला डबा बाहेर टोचत असेल, तरीही तेच होतं. पावसात पिशवी भिजली की तिचं वजन वाढतं, आणि ओल्या पाठीवर घासणं आणखी वाईट.

वजनाचा कायदाही आपल्याकडे जुना आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यात तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो आणि खेचराच्या पाठीवर २०० किलो अशी मर्यादा आहे. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, हेही त्यात आहे. तट्टू आणि खेचर यांच्यातला हा फरक लक्षात ठेवा. खेचर म्हणजे गाढव बाप आणि घोडी आई यांचं अपत्य. ते चिवट असतं आणि कड्याच्या वाटेवर पाऊल जपून टाकतं. दोन्ही जनावरं लांबून सारखीच दिसली, तरी एकाचं ओझं दुसऱ्यावर चढवणं हा अन्याय आहे.

हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत, रोज गाठायचे नव्हेत. गडसरची खिंड सुमारे ४,२०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्याला दहा पावलांवर थांबावंसं वाटतं ते त्यामुळेच. त्या उंचीवर घोड्याच्या छातीचा भाताही तितक्याच जोराने चालत असतो. आपण थांबतो, फोटो काढतो, पाणी पितो. त्याला मात्र थांबता येतंच असं नाही.

निघण्यापूर्वी

पैसे भरण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारा. माणसांमागे किती जनावरं आहेत? एका जनावरावर किती किलो चढतात, आणि ते काट्यावर तोलता का? घोडेवाल्याला त्याचा मोबदला थेट आणि वेळेवर मिळतो का? जनावरांचा विमा आहे का? उत्तरं गोलमोल मिळाली तर दुसरा आयोजक शोधा. आपण तंबूत किती माणसं आणि जेवणात काय हे खोदून विचारतो, तितक्याच आग्रहाने हेही विचारायला हवं. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी काटा आलेला असतो.

पिशवी 'ऑफलोड' करायची असेल, म्हणजे घोड्यावर द्यायची असेल, तर ती मऊ, बिनचाकी आणि आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेली असू द्या. बरेच आयोजक नऊ-दहा किलोंची मर्यादा घालतात. ती पाळण्यासाठी पिशवी घरीच वजनकाट्यावर ठेवा. मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द निरुपयोगी भरण्याला वापरतात. आपल्या पिशवीतली खोगीरभरती खरोखरच कोणाच्या तरी खोगिरावर चढणार आहे, हे सामान भरताना आठवा. आणि ज्याची पाठ धडधाकट आहे, ज्याने सह्याद्रीत सराव केला आहे, त्याने आपलं सामान आपणच उचलावं. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याचं वय झालं आहे, त्याने ऑफलोड करायला अजिबात संकोच करू नये. घोडा मदतीसाठीच आहे. त्याची मदत खऱ्या गरजवंताला मिळावी, एवढंच.

वाटेवर आणि मुक्कामावर

अरुंद वाटेवर घोडे येताना दिसले की थांबा आणि डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभे राहा. दरीच्या बाजूला कधीही नाही. दोन्ही बाजूंना ओझं बांधलेल्या घोड्याचा नुसता धक्का लागला तरी माणूस कड्यावरून खाली जाऊ शकतो. छत्री उघडू नका, काठी उगारू नका, ओरडू नका. घोड्याला थेट मागचं आणि नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. त्यामुळे मागून गेलात तर तो बिचकतो आणि लाथ बसते. जवळ जायचंच असेल तर मालकाला विचारून, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा.

मुक्कामावर खरकटं घोड्यापुढे टाकू नका. पुलाव, ब्रेड, बिस्किटं आपण प्रेमाने देतो, पण घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात बिघाड झाला की पोटशूळ उठतो, आणि डोंगरात, जनावरांच्या डॉक्टरपासून दोन दिवसांच्या अंतरावर, त्यातून घोडा उठेलच असं नाही. त्याहून वाईट म्हणजे मीठ-मसाला लागलेली प्लास्टिकची पाकिटं. मिठाच्या ओढीने जनावर ती चघळतं आणि आतडं बंद होतं. म्हणून एकही पाकीट तंबूबाहेर राहता कामा नये.

पाणी भरायची जागा वर आणि घोड्यांची खाली, ओढ्यापासून लांब, अशी व्यवस्था सुरुवातीलाच ठरवायला सांगा. झाड असेल तर त्याला रात्रभर घोडा बांधू देऊ नका. दोराने साल सोलली जाते आणि उंचावरचं भूर्जाचं झाड पुन्हा उभं राहायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. कुरण कोणाचं आहे हेही आठवा. काश्मीरच्या या माळांवर उन्हाळाभर गुज्जर आणि बकरवाल आपल्या मेंढ्या-बकऱ्या, म्हशी-घोडी घेऊन राहतात. आपण एका जागी तंबूंची गर्दी केली आणि तीच जागा मोसमभर तुडवली, तर त्यांचा चारा जातो. उत्तराखंडात हिमालयाच्या माथ्यावरच्या कुरणांना बुग्याल म्हणतात. तिथली कुरणं इतकी खचली की २०१८ साली तिथल्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. वाटा बंद होऊ नयेत असं वाटत असेल तर गट लहान ठेवा.

घोड्यावर बसून जाणाऱ्यांनाही दोन शब्द. गौरीकुंडाहून केदारनाथला जाताना लंगडणारं, खोकणारं किंवा नाकातून शेंबूड गळणारं जनावर घेऊ नका. घोड्यांचे काही रोग माणसालाही होतात. त्याच दिवशी एक फेरी करून आलेलं जनावर पुन्हा घेऊ नका. आणि तीव्र उतारावर, पाय चालत असतील तर, उतरून चाला.

घोडेवाल्याशी

सोललेली पाठ दिसली की राग घोडेवाल्यावर काढायचा आणि फोटो काढून जगाला दाखवायचा, ही आता सवय झाली आहे. कृपा करून असं करू नका. मोसम तीन-चार महिन्यांचा. बर्फ पडल्यावर घोड्याला साठवलेला चारा घालून जगवायचं. त्यात एक घोडा मेला तर घराची वर्षाची बेगमी जाते. त्याला घोड्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. कमी घोड्यांत जास्त सामान चढतं ते बहुतेकदा कमी पैशांमुळे, आणि ते पैसे आपणच घासाघीस करून कमी केलेले असतात.

म्हणून भाव पाडू नका. दुखावलेलं जनावर दिसलं तर मोहिमेच्या प्रमुखाला शांतपणे सांगा, त्याचं ओझं वाटून घ्या, स्वतःची पिशवी स्वतः उचला. एक मोकळा घोडा बरोबर असावा म्हणून गटाने चार पैसे जास्त काढावेत. संध्याकाळी घोडेवाल्याला चहाला बोलवा, त्याच्या घोड्याचं नाव विचारा.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरन कुरणात पर्यटकांवर जो दहशतवादी हल्ला झाला, त्यात महाराष्ट्रातली सहा माणसं गेली. त्याच दिवशी, त्याच कुरणात, पर्यटकांना वाचवायला पुढे सरसावलेला स्थानिक घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाहही मारला गेला. आपल्या माणसांची आठवण काढताना त्याचीही काढावी, आणि पुढच्या वेळी कोणा घोडेवाल्याशी शंभर रुपयांवरून बोलाचाली करताना ती मनात ठेवावी.

आपल्याच वाटेवरचा धडा

हे सगळं शिकायला खरं तर हिमालयात जायची गरज नव्हती. दिवाळीच्या सुमारास पुणे-साताऱ्याच्या रस्त्यांवर मेंढ्यांमागून येणारा धनगरांचा वाडा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत वर यायचं. सारं बिऱ्हाड घोड्यांवर. भांडी, वाकळा, दोर, जाळी, वर कोंबड्या, कुत्र्याची पिल्लं आणि कधी तान्हं मूलही. भीमथडीची ही ठेंगणी, काटक घोडी ज्या घरात असतात त्या घरात ती सहसा बायकाच लादतात आणि उतरवतात. कुठलं सामान कुठल्या घोडीवर आणि कुठल्या बाजूला, हे त्यांच्या हाताला पाठ असतं. कारण घोडीवर आपलं मूल बसायचं आहे, आणि उद्याही याच घोडीला चालायचं आहे.

ओझं बांधणारा, वाहणारा आणि ज्याचं ओझं आहे तो, असे तिघे एकाच बिऱ्हाडातले असले की पाठ जपली जाते. आपल्या मोहिमांत हे तिघे एकमेकांना भेटतच नाहीत. पिशवी आपली, बांधणारा कोणी, वाहणारा मुका. यांना जोडणारी एकच वेळ आहे, पालाण उतरवण्याची.

म्हणून पुन्हा तेच सांगतो. पहिल्याच मुक्कामाला प्रमुखाला सांगून ठेवा की उद्या सामान उतरवताना आम्हाला यायचं आहे, किंवा सकाळी लादताना थांबायचं आहे. चहा दहा मिनिटं थांबेल. तंग सुटतो, पालाण उचललं जातं, खालची घोंगडी निघते. घामाने ओल्या पाठीतून वाफ निघत असते. घोडेवाल्याला विचारून त्या पाठीवर हलकेच हात फिरवा. केस सलग आहेत का, कुठे सूज आहे का, हाताखाली कातडी आक्रसते का, ते पाहा. पाठ अखंड असेल तर तुमची पिशवी बरोबर भरली होती. नसेल, तर तिथेच, घोड्यासमोर, पिशवी उघडा आणि उद्या स्वतः उचलायचं सामान बाजूला काढा.