घरच्या घरी : कॅमेऱ्याचा सुटा होणारा पट्टा

पाऊस ओसरला की रत्नागिरीत घरोघरी पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. मग रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन, संध्याकाळी भाट्याची वाळू, हे ओघानं आलंच. कडेवर मूल, खांद्यावर पिशवी आणि गळ्यात कॅमेरा अशी आपली वरात निघते. मोबाईलवर फोटो निघतात हे खरं. पण ज्यांच्या घरी चांगला कॅमेरा आहे, त्यांनी आजचा पट्टा जरूर करून पाहावा.

पट्टा सुटा होणारा कशाला, असं विचाराल. त्याचं कारण आपल्या हवेत आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि उरलेले महिने समुद्राचा खारा वारा. मानेवरचा पट्टा घाम आणि मीठ पितो. तोच ओलसर पट्टा कॅमेऱ्यासकट डब्यात किंवा कातडी पेटीत कोंबला, की ओल आतच राहते आणि भिंगावर बुरशी धरते. ती काचेवरचा लेप खाते. मग डाग कायमचाच. तेव्हा घरी आल्याबरोबर पट्टा चटकन काढून धुवायला टाकता आला पाहिजे.

साहित्य : पाऊण इंच रुंद पॉलिस्टरची विणलेली पट्टी सव्वा ते दीड मीटर. तशीच पण १० मिलीमीटर रुंदीची पातळ पट्टी अर्धा मीटर. दप्तराला असतात तशी, दोन बाजूंनी दाबून उघडणारी पाऊण इंची बकलं दोन, अगदी एकसारखी. पॉलिस्टरचा जाड दोरा आणि मशीनची १८ नंबरची सुई. हे सगळं बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतं. सुती पट्टी घेऊ नका, ती ओल धरते. पॉलिस्टर फारसं पाणी पीत नाही, आणि मजबुतीची काळजी नको. मोटारीतले सीट बेल्टही त्याचेच असतात.

कृती : आधी मोठी पट्टी एका खांद्यावरून तिरकी घेऊन लांबी ठरवा. साडीवर आणि पंजाबी ड्रेसवर माप वेगळं येतं, म्हणून नेहमीच्या कपड्यांवरच मोजा. दोन्ही टोकांना दुमडीसाठी पाच-पाच सेंटीमीटर जास्त ठेवून कापा. कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरा, म्हणजे धागे वितळून उसवणार नाहीत. वितळलेल्या कडेला बोट लावू नका, चांगलंच भाजतं. मुलांना तेवढा वेळ लांब ठेवा.

आता खरी युक्ती. पट्ट्याच्या एका टोकाला बकलाचा काट्यांचा भाग लावा आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या बकलाचा खोबणीचा भाग. टोक बकलाच्या गजातून घालून दुमडा. दुमडीवर चौकोनी टीप मारा आणि चौकोनात फुली शिवा. शेवटी उलट टीप घेऊन दोरा पक्का करा. मशीन अडलं तर पाय मारू नका, चाक हातानं फिरवा.

बारीक पट्टीचे २५ सेंटीमीटरचे दोन तुकडे करून त्यांच्याही कडा वितळवून घ्या. एकेक तुकडा उरलेल्या बकलाच्या गजातून ओवा, दोन्ही टोकं चार सेंटीमीटर एकावर एक ठेवा आणि तशीच फुलीची टीप मारा. झाला फासा तयार. फाशाचं टोक कॅमेऱ्याच्या कडीतून घाला, त्यातून बकल ओढून घ्या आणि घट्ट करा. एका बाजूला काटे, एका बाजूला खोबणी आल्यामुळे मोठा पट्टा काढला की कॅमेऱ्याकडचे दोन तुकडे एकमेकांत अडकतात आणि हातात धरायची छोटी मूठ होते! काही कॅमेऱ्यांची कडी गोल आणि अगदी लहान असते. तिथे आधी किल्ल्यांना असते तशी स्टीलची चपटी रिंग घाला. साधी लोखंडी नको, खाऱ्या हवेत ती गंजते.

परीक्षा : बकल भरवशाचं दिसतं म्हणून लगेच कॅमेरा अडकवू नका. धोका बकलात असतो तसाच कच्च्या टिपेतही असतो. एका कॅनमध्ये ५ लिटर पाणी भरा, म्हणजे ५ किलो वजन झालं. दोन्ही फासे कॅनच्या मुठीत अडकवून पट्टा मजबूत खुंटीला रात्रभर टांगा आणि खाली गोधडी घाला. सकाळी टीप ताणलेली, उसवलेली किंवा बकलाचं प्लॅस्टिक पांढुरकं पडलेलं दिसलं, तर तो भाग बदला. मग प्रत्येक बकल वीसेक वेळा लावून जोरात ओढून पाहा.

वापर आणि निगा : बकल लावताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे, आणि तरीही एकदा ओढून पाहायचं. उघडताना आधी कॅमेरा हातात घट्ट धरायचा, मगच दाबायचं. किल्ल्याच्या तटाशी तर पट्टा काढूच नका.

समुद्रावरून आल्यावर पट्टा गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. उन्हात प्लॅस्टिक लवकर ठिसूळ होतं. बकलाच्या खोबणीतली वाळू जुन्या दातब्रशनं काढा, कारण वाळू अडकली की बकल अर्धवटच लागतं आणि नेमक्या वेळी दगा देतं. कॅमेरा कोरड्या फडक्यानं पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. पट्टा मात्र खुंटीवरच राहू द्या. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, सगळ्या टिपा तपासा आणि पाण्याच्या कॅनची परीक्षा पुन्हा घ्या.

एका दुपारचं काम आहे. पट्ट्याचा व्याप वाटेनासा झाला, की कपाटात पडून राहणारा कॅमेराही आपसूक बाहेर निघेल. आणि हो, मूठ जोडून तो कधी घरच्यांच्या हातात द्या, म्हणजे चार फोटोंत तुम्हीही दिसाल!