जादूचं पाणी किती लिटर?

मुलांच्या खेळात जादू आली की आपल्या घरांतून दोन सूर निघतात. थोरली मंडळी म्हणतात, जादू हराम आहे, मग तिचा खेळ तरी कशाला? शिकलेली मंडळी म्हणतात, ही परदेशी थेरं आहेत, त्यापेक्षा अभ्यास करा. मला दोन्ही पटत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातल्या पाण्याच्या जादूचे नियम मी वाचले आहेत. परभणी जिल्ह्यातल्या मुलांनी हा खेळ जरूर खेळावा आणि त्यातला पाण्याचा मंत्र हिशेब मांडून वापरावा, असं माझं मत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो: योद्धा, चोर, जादूगार, धर्मोपदेशक. एक जण कथा सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राचं बोलणं-वागणं ठरवतात आणि यश-अपयश वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. खर्च फारसा नाही. मूळ नियमांचा मोठा भाग २०२३ पासून मुक्त परवान्याखाली फुकट मिळतो. माझा भाचा पुण्यात शिकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या पोरांना त्याने हा खेळ शिकवला, तेव्हा मी शेजारी बसून नियम वाचत होतो.

त्यात पाणी निर्माण करण्याचा एक मंत्र आहे, अगदी पहिल्या पायरीचा. २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे तो एकदा म्हटला की उघड्या भांड्यात दहा गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर, स्वच्छ पाणी येतं. भांडं मात्र आपलं हवं. हाच मंत्र उलटा वापरला तर तेवढंच पाणी नाहीसं होतं. नवशिक्या धर्मोपदेशकाला दिवसाला असे दोनच मंत्र म्हणता येतात, मग रात्रभर विश्रांती घ्यावी लागते. शहरी खेळाडू या मंत्राला सहसा हात लावत नाहीत. आग फेकता येत असताना दोन घागरी पाण्याचं काय करायचं, असं त्यांना वाटतं.

आमच्या घरातल्या दहावीतल्या पोरीने मात्र पहिला तोच मंत्र निवडला. भाचा हसला. तिने विचारलं, “गावात लोक किती?” तो म्हणाला, “दोन हजार.” मग ती हिशेबाला बसली. खेळाच्या नियमानुसार माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं आणि कडक उन्हात दोन. म्हणजे दोन हजारांच्या गावाला नुसतं पिण्यासाठी चार हजार गॅलन. एक धर्मोपदेशक देणार वीस. तर गावाला असे दोनशे लागतील, आणि तेही रोज.

हाच हिशेब खेळाबाहेर आणून पाहा. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचं प्रमाण धरलं आहे. जादूच्या एका मंत्रात एका माणसाचंही भागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. तेवढ्यासाठी तेरा हजारांहून जास्त मंत्र लागले असते. पाणी ही किती अवजड गोष्ट आहे, हे पाठ्यपुस्तकातल्या ‘पाणी वाचवा’च्या घोषणेपेक्षा या आकड्यांतून लवकर कळतं.

चौथ्या पायरीवर पाण्यावर ताबा मिळवण्याचा मंत्र येतो. त्याने पूर आणता येतो, प्रवाह वळवता येतो, पाणी दुभंगून वाट काढता येते. पण हा मंत्र नवं पाणी देत नाही, असलेलंच हलवतो, आणि तेही फार तर दहा मिनिटं. म्हणजे एकाकडे वळवलेलं पाणी दुसऱ्याकडून आलेलं असतं. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडावं की नाही, यावर किती वर्षं भांडण चाललं! शेवटी २००५ च्या कायद्याचा आधार घेत जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश दिला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी परभणीपर्यंत येतं. ते येण्यामागे धरणाच्या भिंतीइतकाच हा कागदावरचा नियमही आहे.

कुरआनात सूरह बकरामध्ये हजरत मूसांनी खडकावर काठी मारल्याचा उल्लेख आहे. बारा झरे फुटले आणि प्रत्येक टोळीला आपापली पाणी पिण्याची जागा कळली. मला इथे वाटपाची गोष्ट मोठी वाटते. चमत्कारातही पाणी मोघम आलं नाही, कोणी कुठे प्यायचं हे ठरूनच आलं. मलिक अंबरनेही औरंगाबादला नहर बांधली ती डोंगरातलं पाणी उतार साधून जमिनीखालून वस्तीपर्यंत नेण्यासाठी. त्यात जादू नव्हती, मोजमाप होतं.

आता हरामचा प्रश्न. सेहर, म्हणजे खरोखरची जादू शिकणं आणि करणं, इस्लामला मान्य नाही, याबद्दल माझं दुमत नाही. पण गोष्टीतली जादू आपल्याला नवी आहे का? १८८३ पासून लखनऊच्या नवल किशोर छापखान्यातून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड निघाले. मुहम्मद हुसैन जाह आणि अहमद हुसैन कमर हे त्याचे लेखक. त्यात रक्ताची नदी आहे, पऱ्यांचा पूल आहे आणि प्रत्येक तिलिस्म तोडण्याचे नियम लिहिलेली ‘लौह’, म्हणजे पाटीही आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते आवडीने वाचलं. त्यामुळे कोणाचा ईमान गेला नाही.

धोका मला दुसरीकडे दिसतो. आजारी माणसाला दवाखान्यात नेण्याऐवजी पैसे घेऊन मंतरलेल्या पाण्याची बाटली हातात देणारे बाबा सगळ्याच धर्मांत आहेत. पाण्यावर दुआ पढणं वेगळं आणि तिचा धंदा करून इलाज अडवणं वेगळं. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरी असल्या बाटल्या खपतात. त्या विकणारा कधी मोजमाप सांगत नाही, मर्यादा सांगत नाही. खेळातली जादू मात्र आधी मर्यादा सांगते: इतके गॅलन, इतकी मिनिटं, दिवसातून इतक्यांदा. ‘किती? कोणाला? कुठून?’ असं विचारायची सवय लागलेलं पोर उद्या बाबालाही तेच विचारेल आणि ग्रामसभेत टँकरच्या फेऱ्यांचा हिशेबही मागेल.

म्हणून शिक्षक मित्रांना आणि आई-वडिलांना माझं सांगणं आहे: सुट्टीत पोरं फासे घेऊन बसली तर त्यांना उठवू नका. शेजारी बसा आणि एवढंच विचारा की तुमच्या गोष्टीतल्या गावात पाणी कुठून येतं आणि शेवटच्या घराला किती मिळतं.