पडद्याला थांबायला शिकवा

खरं सांगा, कवितेच्या कार्यक्रमात मागच्या पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला की तुमचं लक्ष कवीकडे राहतं का? माझं नाही राहत. हे मी कबूल करतेय, कारण असाच एक कार्यक्रम आम्ही पनवेलमध्ये केला आणि त्यात पडद्याचं खातं माझ्याकडे होतं.

आम्ही पाच जण. फडके नाट्यगृहाचं भाडं विचारायचीही हिंमत नव्हती, म्हणून जुन्या पनवेलमधला एक छोटा हॉल घेतला. साठ खुर्च्या, उसना प्रोजेक्टर, एक ढोलकी. मुख्य कविता एका मैत्रिणीची, आगरी बोलीतली. नवी मुंबई विमानतळासाठी जी १० गावं हलवली, त्यातल्या एकात तिच्या आजीचं घर होतं. कविता त्या खाजणातल्या शेताची, बांधाची, उघाडीची, निवट्यांची. मी मागे काय लावलं? उलव्याची ९२ मीटरची टेकडी कापतानाचे फोटो, ड्रोनने टिपलेली धावपट्टी आणि शेवटी झेपावणारं विमान. एडिटिंगला चार रात्री घालवल्या होत्या, हो!

झालं काय, तर विमान दिसल्याबरोबर लोकांनी मोबाइल वर काढले. त्याआधीच मैत्रीण एका ओळीवर थांबली होती. पहिल्या रांगेत आजी बसलेली, हिचा गळा दाटून आला. पण व्हिडिओ कुठला थांबतोय? तो मोजून ३ मिनिटं ४० सेकंदांचा. ती पुन्हा बोलायला लागली तोवर पडद्यावरची टेकडी संपून धावपट्टी आली होती. उरलेली कविता तिने बस पकडायला धावावं तशी म्हटली. नंतर खारघरचा एक मुलगा आला. म्हणाला, "भारी होतं. पण उघाडी म्हणजे काय?"

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधाला ठेवलेलं दार. भरतीला बंद, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला उघडं, म्हणजे शेतातलं जास्तीचं पाणी निघून जातं. विमान तर सगळ्यांनीच पाहिलंय. उघाडी त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी कधी पाहिली नव्हती आणि नेमकी तीच मी दाखवली नाही.

एक काका म्हणाले, "विंदा, बापट, पाडगावकर गावोगावी कविता वाचत फिरले. त्यांना कुठे प्रोजेक्टर लागला?" बिनतोड वाटतं ना? मला मात्र हे पटत नाही. पडदा नकोच, हा सोपा मार्ग झाला. आपल्या कोकणातच, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाचे चित्रकथी कलाकार कागदावरची चित्रं एकेक करून पुढे धरतात आणि वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीने रामायण-महाभारतातल्या कथा गातात. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि इथून जवळच्या कल्याणमध्ये महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' सुरू केली होती. काचेवर रंगवलेली चित्रं, मागून कंदिलाचा उजेड, सोबत निवेदन. मल्टिमीडिया हा शब्द तेव्हा नव्हता, इतकंच.

फरक बघा. तिथे पुढचं चित्र माणूस आपल्या हाताने आणतो. गाणाऱ्याचा श्वास लांबला, तर चित्रही थांबतं. आमच्याकडे मी प्लेचं बटण दाबून मोकळी झाले होते आणि कविता बिचारी मशीनच्या मागे धावत होती.

म्हणून तुम्ही असा प्रयोग करणार असाल, तर एक सलग व्हिडिओ बनवू नका. तुकडे करा, आणि लॅपटॉपवर असा कुणी बसवा ज्याला कविता पाठ आहे. (आमच्याकडे आधी वायरिंग कळणारा शोधला होता. चूक.) दुसरं, ओळीत खाडी आली म्हणून पडद्यावर खाडी आणू नका. आता तर एआयला दोन ओळी लिहिल्या की खाडी, होडी, सूर्यास्त सगळं तयार मिळतं, त्यामुळे हा मोह वाढलाय. पण शब्दांनी जे सांगितलंय ते पडद्याने पुन्हा कशाला सांगायचं? शब्दांत जे नाही, ते द्या.

दुसऱ्या प्रयोगाच्या आधी आम्ही आजीच्या नव्या घरी गेलो. उघाडीची फळी कशी उचलायची, ते तिने स्वयंपाकघरात, हवेतच करून दाखवलं. मी फक्त तिचे हात शूट केले, मोबाइलवर. प्रयोगात ते हात तीनदा दिसले. मैत्रीण थांबली की मी स्पेसबार दाबायचे आणि हातही तिथेच थांबायचे. मोबाइल एकदोघांनीच काढले. उघाडी म्हणजे काय, हे याही वेळी एकीने विचारलं, पण विचारताना ती स्वतःचे हात तसेच वर उचलत होती.

आजीला नंतर ते फुटेज दाखवलं. तिने लगेच चूक काढली. ओली फळी जड असते, हात इतके पटकन वर जातच नाहीत म्हणे. पुढच्या रविवारी पुन्हा शूट आहे.