गव्हाची पोती आली, पण पोळ्या लाटणाऱ्यांचा पगार?

एप्रिल २०२० मधला एक फोटो परवा मोबाईलमध्ये सापडला. आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेच्या व्हरांड्यात गव्हाची पोती पार छतापर्यंत रचलेली, समोर मास्क लावलेले सहा-सात दाते आणि कोपऱ्यात संस्थेच्या ताई. फोटो मीच काढला, बातमी मीच केली. ‘दातृत्वाचा महापूर’ असलं काहीतरी हेडिंग दिलं होतं. आता वाचताना लाज वाटते.

कारण त्याच संध्याकाळी ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "दादा, गहू पुरे झाला. दळणाचे पैसे कोण देणार? गॅस संपत आलाय. पोळ्या लाटणाऱ्या दोघींचा पगार फेब्रुवारीपासून थकलाय. त्यांच्याही घरात चूल आहे की." हे मी छापलं नाही. दाते नाराज होतील असं वाटलं. (वाटलं कसलं, माहीतच होतं.)

ही संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दोन वेळचा डबा पोचवते. लॉकडाऊनमध्ये डब्यांची मागणी वाढत गेली. धान्य येत राहिलं, रोकड आली नाही. जूनमध्ये दोघींपैकी एक बाई दुसरं काम मिळालं म्हणून गेली आणि संध्याकाळचा डबा बंद झाला. पोती व्हरांड्यात तशीच होती.

संकटात आपण वस्तू देतो. किट देतो, ब्लँकेट देतो, वरती आपलं नाव छापतो. पण ती वस्तू माणसापर्यंत नेणारी संस्था उभी राहावी म्हणून भाडं, पगार, वीजबिल द्या म्हटलं की चेहरे पडतात. "आमचा पैसा पगारात जाणार का?" हो, जाणार. पोळी आपोआप लाटली जात नाही.

यावर जगात एक जुना उपाय आहे. कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे साध्या भाषेत गावाची सामाईक तिजोरी. त्या त्या भागातल्या लोकांनी पैसे एकत्र ठेवायचे, मुद्दल शक्यतो राखायचं आणि व्याजातून तिथल्याच संस्थांना मदत करायची. पहिलं फाउंडेशन १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला निघालं, तेही फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरच्या डोक्यातून. त्याची अडचण ओळखीची वाटेल. लोक मृत्युपत्रात ‘अमुकच कामासाठी’ म्हणून पैसा बांधून जायचे. पुढे ते काम उरायचं नाही, पैसा अडकायचा. म्हणून पैशाचा उपयोग काळाप्रमाणे बदलता यावा, ही सोय त्यानं केली.

कोरोनात ती सोय कामी आली. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने इतर देणगीदारांना घेऊन शहरातल्या संस्थांसाठी निधी उभा केला. अकरा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम सातशेहून जास्त संस्थांना गेली, काही अनुदान म्हणून, काही बिनव्याजी कर्ज म्हणून. त्याच महिन्यात तिकडच्या शेकडो फाउंडेशननी जाहीर केलं की आधी दिलेल्या अनुदानाच्या अटी सैल करतो, पैसा गरज असेल तिथे वापरा. न्यूयॉर्कची श्रीमंती आपल्याकडे नाही, कबूल. पण अट सैल करायला श्रीमंती लागत नाही.

आपल्याकडे काय झालं? २८ मार्च २०२० ला केंद्रानं सांगितलं, पीएम केअर्सला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरू. १० एप्रिलला खुलासा आला, मुख्यमंत्री निधीला दिलेला धरणार नाही. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला चालेल. कंपन्यांचा पैसा वर गेला. सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेनं परदेशी पैसा घेऊन छोट्या संस्थेला द्यायचा, हा मार्गच बंद. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर. गैरप्रकार रोखायचे होते, हे सरकारचं म्हणणं. गैरप्रकार होते, नाही असं नाही. पण मार खाल्ला तो तालुक्याच्या संस्थेनं, जिचा स्वतःचा परदेशी परवाना कधीच नव्हता. त्यावर कळस म्हणजे एप्रिल २०२१ पासून १२ए, ८०जीची फेरनोंदणी आणि सीएसआरची नवी नोंदणी. तेव्हा दुसरी लाट होती. लोक ऑक्सिजन शोधत होते आणि ताई पॅनकार्डाची झेरॉक्स.

म्हणून म्हणतो, आपल्या जिल्ह्याची आपली तिजोरी हवी. इथल्या माणसांचा पैसा, त्यामुळे परदेशी देणगीच्या कायद्याचा प्रश्न येत नाही. मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट १९९१ पासून आहे, म्हणजे कल्पना नवी नाही. गणपतीला आपण एका गल्लीत किती वर्गणी गोळा करतो ते मला सांगायला लावू नका.

आता आक्षेप. पहिला मलाही येतो, "पतसंस्था बुडाल्या तेव्हा कुठे होतात?" बरोबर आहे. या गावात लोकांच्या ठेवी गेल्यात, विश्वास सहज बसणार नाही. त्यामुळे नियम आधी, पैसा नंतर. कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी विश्वस्त नको. विश्वस्ताच्या नातेवाइकाच्या संस्थेला दमडी नको. दर तीन महिन्यांनी हिशोब वाचनालयाच्या फळ्यावर. आणि पत्रकारही विश्वस्त नको, मी धरून. बातमी कुणी करायची मग?

दुसरी अडचण कायद्याची. एका ट्रस्टने दुसऱ्याला देणगी दिली तर २०२३ पासून आयकरात त्यातली ८५ टक्केच रक्कम खर्च म्हणून धरतात. याचा हिशोब आधीच मांडायला लागेल, म्हणून सीए मंडळी हवीत.

येत्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या हॉलमध्ये पाच-सहा जण बसतोय. दोन सीए आणि एक निवृत्त मुख्याध्यापक येतो म्हणालेत. विरोध असेल त्यांनी तर नक्की या, इथे कमेंटमध्ये भांडण्यापेक्षा ते बरं. ताईही येणार आहेत, पण डबे पोचवून झाल्यावर, म्हणजे साडेअकरा धरून चला.