चेंडूकडे बघू नका

कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन, म्हणजे ज्यात पायाचा संबंध फारसा येत नाही तो) मोसमात दर शनिवारी रात्री एक ठरलेला उद्योग असतो. आपला संघ हरला की ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या नावानं खडे फोडायचे. कुठला प्ले खेळायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे हा. पास द्यायचा होता तर धावले का, धावायचं होतं तर पास का दिला... आपल्याकडे 'शेवटची ओव्हर याला दिलीच कशी' म्हणून चार दिवस चालतं ना, तेच.

मला हे फारसं पटत नाही. मावशीनं एकदा फोनवर विचारलं होतं, "तो खेळ म्हणजे नुसती ढकलाढकलीच ना रे?" तिनं खिजवायला विचारलं होतं, पण रात्र रात्र प्ले-कॉलिंगवर वाद घालणाऱ्या पंडितांपेक्षा ती मुद्द्याच्या जास्त जवळ होती. ढकलाढकलीच आहे. फक्त तिचं शास्त्र आहे.

चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांचे पाच जाडजूड गडी पुढे ओणवे उभे असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, कडेला दोन टॅकल. समोरच्यांना अडवणं हेच त्यांचं काम. पण कुणी कुणाला अडवायचं? इथे दोन घराणी आहेत. एका घराण्यात पाचही जण एकाच दिशेला पाऊल टाकतात आणि आपापल्या वाट्याचा पट्टा सांभाळतात, आपण आट्यापाट्यांत पाटी धरायचो तसं. समोर जो येईल तो आपला. दोघं मिळून एकाला रेटतात, तो हलला की दोघांतला एक सुटून मागच्या लाइनबॅकरवर जातो. भोक कुठे पडेल ते आधी ठरलेलं नसतं, पळणाऱ्यानं बघून घुसायचं. हे झोन ब्लॉकिंग. दुसऱ्या घराण्यात भोक आधीच ठरलेलं असतं. त्या बाजूचे लोक समोरच्यांना आतल्या अंगाला दाबतात, आणि पलीकडचा गार्ड आपली जागा सोडून, रांगेच्या मागून धावत येऊन त्या भोकातून आधी घुसतो. दीडशे किलोचा माणूस असा वळसा घालून येताना बघणं हा माझ्या मते या खेळातला सगळ्यात देखणा भाग आहे. टीव्हीवाले तो नेमका दाखवत नाहीत, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे.

आता वादाचं उदाहरण. ११ नोव्हेंबर २०२३. मिशिगन विरुद्ध पेन स्टेट, पेन स्टेटच्या घरी, एक लाखाच्या वर प्रेक्षक. मिशिगनचा मुख्य कोच जिम हार्बॉ निलंबित, त्याच्या जागी शेरॉन मूर. मिशिगननं शेवटचे सलग ३२ प्ले धावण्याचेच नोंदवले. (मध्ये एकदा पास टाकला होता, पण त्यावर पेन स्टेटचा फाऊल झाला, त्यामुळे हिशेबात नाही.) पुढे एनएफएलमध्ये पहिल्या फेरीत गेलेल्या जे. जे. मॅकार्थीच्या पूर्ण सामन्यात ८ पैकी ७ पास, ६० यार्ड. मिशिगन २४-१५ जिंकलं.

लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, वा, काय छाती! दुसरा म्हणे, असला क्वार्टरबॅक हाताशी असून ही काय आदिमानवाची पद्धत. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात. पेन स्टेटची ताकद कडेनं क्वार्टरबॅकवर झेपावणाऱ्या वेगवान पोरांत होती. त्यातला चॉप रॉबिन्सनही पुढे पहिल्याच फेरीत निवडला गेला. पास द्यायला क्वार्टरबॅक मागे सरकला की अशा पोरांचं फावतं. तेव्हा सरकायचंच नाही. त्यांच्या अंगावर धावून जायचं, म्हणजे त्यांना आधी अंगावर आलेला माणूस थोपवावा लागतो, झेपावणं राहतं बाजूला. ब्लेक कोरमनं त्या दिवशी १४५ यार्ड काढले ते असे. यात छातीही नाही आणि आदिमानवही नाही. आपले पाच त्यांच्या पुढच्या फळीला रेटू शकतात हे दिसत होतं, आणि जे चाललंय ते बदलण्याइतका कोच मूर्ख नव्हता, इतकंच.

गंमत पुढेच आहे. पेन स्टेटच्या ड्रू अ‍ॅलरनंही त्या सामन्यात ७० यार्डच काढले. म्हणजे पासच्या बाबतीत दोन्ही संघ सारखेच कंगाल. पण एकाचं कौतुक झालं आणि दुसऱ्याच्या कोऑर्डिनेटरला, माइक युर्सिचला, दुसऱ्याच दिवशी नारळ मिळाला. मोसमभराचा राग साचला होता हे खरं. पण पुढची फळी ढकलली जात असताना वहीतलं कुठलं पान उघडलं असतं तर बरं दिसलं असतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

त्यात हल्ली कॉल नक्की कुणाचा हेही बाहेरून कळत नाही. आरपीओ नावाचा प्रकार आहे. पुढचे पाच जण धावण्याच्या प्लेसाठी अडवतात, आणि क्वार्टरबॅक चेंडू हातात आल्यावर समोरच्या एका माणसाकडे बघून ठरवतो, पळणाऱ्याला द्यायचा की पास टाकायचा. कॉलेजात लाइनमनना पास सुटायच्या आत तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच. म्हणून हे कॉलेजात जास्त फोफावलं. मग 'इथे धावायचं काय नडलं होतं' हे कोऑर्डिनेटरला विचारायचं की त्या वीस वर्षांच्या पोराला?

आणि मग १ जानेवारी २०२४ चा रोझ बोल. मिशिगन-अलाबामा, जादा वेळ. मिशिगननं कोरमकडे दोनदा चेंडू दिला, दोन प्लेत काम फत्ते. अलाबामाची पाळी, चौथा डाऊन, तीन यार्ड हवे. क्वार्टरबॅक मिलरोनं स्वतःच चेंडू घेऊन मधून घुसायचं ठरलं, आणि तो ढिगाऱ्यात गडप झाला. २७-२०. निक सेबनचा तो शेवटचा सामना ठरला. 'हा काय कॉल झाला?' असा जो ओरडा झाला तो अजून ऐकू येतो. पण मिलरो सहा वेळा सॅक झाला होता त्या दिवशी. सहा! पास टाकायला त्याला वेळ कोण देणार होतं? शिवाय सेंटरनं टाकलेला चेंडू खाली गेला, तो उचलण्यात अर्धा क्षण गेला. धावायला माझी हरकत नाही. माझी हरकत असेल तर मधून धावायला, कारण मिशिगनचे सगळ्यात जड गडी तिथेच बसले होते. पण कडेनं धावला असता आणि पडला असता तर हेच लोक 'तीन यार्डासाठी आडवं कशाला धावायचं' म्हणाले असते. मी पैजेवर सांगतो.

माझ्या म्हणण्याला छेद देणारी गोष्टही सांगतो, नाहीतर भाऊ सांगेलच. २०२३ ची सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइन म्हणून जो मूर अवॉर्ड मिळालं वॉशिंग्टनला. आधीची दोन वर्षं ते मिशिगनकडे होतं. आणि अंतिम सामन्यात या दोघांचीच गाठ पडली, त्यात मिशिगननं धावून ३०३ यार्ड काढले आणि ३४-१३ नं जिंकलं. म्हणजे बक्षीस मिळालेले पाच जण हरले. मान्य. पण समोर मिशिगनची बचावफळीही होती, आणि बक्षीस देणाऱ्यांना ती अडवायची नव्हती.

मला खरा जिव्हाळा आहे तो आर्मीबद्दल. सैनिकी अकॅडमी, तिथे दीडशे किलोची पोरं येत नाहीत. म्हणून त्यांनी ट्रिपल ऑप्शन जोपासला. त्यातली युक्ती अशी, की समोरच्या एका माणसाला अडवायचंच नाही. मुद्दाम मोकळा सोडायचा. तो ज्याच्यावर धावेल त्याच्याकडे चेंडू द्यायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा. न अडवताच एक गडी बाद, आणि वाचलेला आपला माणूस दुसरीकडे कामाला. २०२२ मध्ये कंबरेखाली अडवण्याचे नियम आवळले, त्याचा या पद्धतीला फटका बसला. २०२३ मध्ये आर्मीनं काळाप्रमाणे बदलायचं म्हणून क्वार्टरबॅकला मागे उभं करून खेळून पाहिलं. सहा जिंकले, सहा हरले. २०२४ मध्ये कोच जेफ मंकन पुन्हा जुन्या वळणावर आला, थोडी नवी फोडणी देऊन. बारा विजय, कॉन्फरन्सचं विजेतेपद, आणि त्या हलक्या पोरांना जो मूर अवॉर्ड.

या शनिवारी कुणी सामना बघणार असेल तर एक करून बघा. पहिला क्वार्टर चेंडू विसरा. डावीकडच्या गार्डवर नजर ठेवा. तो सरळ पुढे गेला, मागे सरकला की वळसा घालून पळत सुटला, एवढंच बघा. प्ले काय होता ते तुम्हाला कॉमेंट्रीवाल्याच्या आधी कळेल. मावशी, तूसुद्धा.