उरणारा आकडा

गतवर्षी मे महिन्यात परिचयाचे एक पालक आम्हांस भेटावयास आले. हातातील पिशवीत जमिनीचा उतारा होता आणि एक इंग्रजी पत्र होते. मुलगा बारावी उत्तीर्ण झालेला. कोणा मध्यस्थाने त्यास अमेरिकेतील एका विद्यापीठात प्रवेश व वर्षाला १०,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळवून दिली होती. तो आकडा ऐकूनच घरी पेढे वाटले गेले होते. आता उतारा बँकेपुढे ठेवावा की नाही, एवढेच त्यांना विचारावयाचे होते.

आम्ही पत्र शेवटपर्यंत वाचले. दुसऱ्या पानावर वर्षाचा एकूण खर्च ३०,००० डॉलर असा छापला होता. ही वजाबाकी चौथीच्या मुलासही येते. तथापि पेढ्यांच्या गडबडीत ती करावयाची राहून गेली होती. उरले २०,०००. डॉलरला ८५ रुपये धरले तरी वर्षाला १७ लाख आणि चार वर्षांचे ६८ लाख! बटाटे आणि रताळी पिकवणाऱ्या घराने हे कर्ज किती पिढ्यांनी फेडावयाचे?

आमचे मत असे की, आपल्या भागातील पालक 'स्वस्त विद्यापीठ कोणते' असा जो प्रश्न विचारतात, तोच मुळी चुकीचा आहे. शिष्यवृत्ती केवढी, हेही गौण आहे. ती वजा जाता घरातून काय द्यावे लागते, तो उरणारा आकडा तेवढा खरा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. व ॲम्हर्स्ट येथील वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरहून अधिक आहे. ते नाव ऐकताच आपण हात जोडतो. परंतु वस्तुतः या संस्था परदेशी विद्यार्थ्याचीही घरची स्थिती पाहून, त्यास जेवढे कमी पडते तेवढे सर्व देतात, आणि मदत मागितली म्हणून प्रवेश नाकारीत नाहीत. तेव्हा गरीब घरच्या मुलास हे 'महाग' विद्यापीठ वरच्या 'स्वस्त' विद्यापीठापेक्षा कितीतरी अल्प खर्चाचे पडते. अडचण पैशाची नसून प्रवेशाची आहे. हार्वर्ड किंवा येल येथे शंभर अर्जदारांतून पाचांनाही प्रवेश मिळत नाही. अशी उदार संस्था अपवादच. बहुसंख्य ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली की त्याचा प्रवेशच अवघड होतो, हेही सांगितले पाहिजे. केंटकी राज्यात १८५५ साली स्थापन झालेले बेरिया कॉलेज कोणाही विद्यार्थ्याकडून शिकवणीचे शुल्क घेत नाही व त्याच्या बदल्यात प्रत्येकाकडून आठवड्यातील काही तास काम करून घेते; मात्र परदेशी मुले तेथे थोडीच घेतली जातात.

'तिकडे गेल्यावर काम करून भागवू' असे कोणी म्हणेल. विद्यार्थ्याच्या परवान्यावर सत्र चालू असता आठवड्यास २० तासच, आणि तेही विद्यापीठाच्या आवारात, काम करता येते. त्यात फार तर जेवणखाण सुटेल, शुल्क सुटणार नाही. शिवाय पहिल्या वर्षाचा पैसा जवळ आहे, हे दाखविल्यावाचून परवान्याची कागदपत्रेच मिळत नाहीत.

मग आपल्या मुलामुलींनी अमेरिकेचे नावच घेऊ नये काय? अवश्य घ्यावे, फक्त घाई करू नये. बेळगावात किंवा कोल्हापुरात राहून पदवी उत्तम रीतीने घ्यावी आणि नंतर संशोधनाच्या पदवीसाठी अर्ज करावा. विज्ञान व अभियांत्रिकी या शाखांत तेथील विद्यापीठे डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याचे शुल्क बहुधा माफ करतात आणि अध्यापनात वा प्रयोगशाळेत साहाय्य केल्याबद्दल निर्वाहवेतनही देतात. पदवी होईपर्यंतची चार वर्षे घरचे जेवण मिळते, हा लाभ वेगळाच! केवळ एम.एस.ला मात्र असे साहाय्य क्वचितच लाभते, म्हणून दोहोंची गल्लत करू नये.

सरकारी साहाय्याच्या बाबतीत सीमाभागातील मुलांची एक निराळीच कोंडी होते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी आहे. परंतु तिला महाराष्ट्राचा रहिवास लागतो, आणि आपले दाखले कर्नाटकाचे. मराठी वर्तमानपत्रात तिची जाहिरात वाचून आपल्याकडील मुले आशेने कागद जमवू लागतात, हे पाहून मन कष्टी होते. केंद्र शासनाच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीला असे राज्याचे बंधन नाही. ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे लागते, आणि ती पदव्युत्तर शिक्षण व डॉक्टरेट यांसाठीच मिळते. कडोलीच्या किती घरांना ही लागू पडेल, याचा विचार पालकांनी करावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या साहाय्याने. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा, असा करार होता. मुदत वाढवून मिळाली तरी तीही संपली, तेव्हा लंडनमधील अभ्यास अपुरा टाकून त्यांना १९१७ साली परतावे लागले. तो त्यांनी पुढे स्वतः पैसा जमवून व थोडा उसना घेऊन पुरा केला. १९२५ साली आपल्या निपाणीत ते बहिष्कृतांच्या परिषदेसाठी आले, तेव्हा हे सारे पार पडले होते. एवढ्या बुद्धीच्या पुरुषासही मुदतीने अडविले. यास्तव रक्कम किती, याबरोबरच ती किती वर्षे आणि कोणत्या अटीवर, हे विचारणे भाग आहे. अटींचा अनुभव गोपाळराव जोशी यांनाही आला होता. पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी त्यांनी १८७८ साली कोल्हापुराहून मिशनरी वाइल्डर यांस पत्र घातले. उत्तर आले ते धर्मांतर सुचविणारे. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेत छापला गेला, कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि १८८६ साली आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या.

आज पत्रास तिकीटही लागत नाही. मध्यस्थाच्या पायऱ्या झिजविण्यापूर्वी विद्यापीठाच्या अर्थसाहाय्य कार्यालयास विद्यार्थ्याने स्वतः लिहावे: माझ्या वडिलांचे वार्षिक उत्पन्न इतके आहे, सर्व वर्षांचा सर्व खर्च धरून आमच्या घराने किती द्यावयाचे, गुण कमी झाल्यास साहाय्य बंद होते काय, अर्जाचे शुल्क माफ होईल काय? एवढे इंग्रजी आपल्या दहावीच्या मुलामुलींना येते.

त्या पालकांनी उतारा पुन्हा पिशवीत घातला. मुलाने बेळगावात बी.एस्सी.ला नाव घातले आहे.